वैजयंतीबाईंची दोघांची सहल

उन्हाळ्यात जोडप्याने कुठे जावं आणि तिथे जाऊन काय करू नये, हे नाशकात वैजयंतीबाई गायधनींपेक्षा जास्त कुणाला कळत असेल तर त्याने पुढे यावं. कॅनडा कॉर्नरजवळच्या एका टूर्सच्या ऑफिसात त्या वीस वर्षं बसल्या. चारधाम, अष्टविनायक, युरोप ही कामं इतरांकडे. वैजयंतीबाईंच्या टेबलापुढे फक्त जोडपी. नवं लग्न झालेली, लग्नाला पंचवीस वर्षं झालेली, मुलं नोकरीला लांब गेल्यावर घरात एकमेकांची तोंडं बघत बसलेली. काही तर अशी, की ही त्यांची एकमेकांसाठीची शेवटची खटपट आहे हे खुर्च्या किती लांब ओढून बसतात त्यावरूनच कळावं.

लोक येताना मोबाइलमध्ये चौदा ठिकाणांची यादी घेऊन यायचे. दोन दिवसांचं उदयपूर आणि त्यात चौदा ठिकाणं. वैजयंतीबाई शांतपणे त्यातली दहा खोडायच्या. त्यांचा नियम ठरलेला होता, दिवसाला दोनच गोष्टी करायच्या. एक सकाळी उन्हाच्या आधी, एक संध्याकाळी ऊन उतरल्यावर, आणि मधला वेळ पंखा लावून लोळायचं. नाशिकची माणसं त्यांनी म्हैसूरला, पणजीला, पाँडिचेरीला धाडली, आणि मुंबईची माणसं इथे आणून गंगापूर धरणाच्या काठी बसवली. नवरा-बायकोला बघायला काही लागत नाही, बसायला जागा लागते, असं त्या म्हणायच्या. परतल्यावर लोक पेढे घेऊन यायचे.

त्यांनी स्वतः एक कागद तयार केला होता. जोडपं आलं की तो पुढे सरकवायचा. पहिलाच प्रश्न होता, तुम्ही दोघं शेवटचं निवांत कधी बसला होतात. यावर कुणी हसायचं, कुणी एकमेकांकडे बघायचं, एखादी बाई एकदम गप्प व्हायची. बाकीचा कागद नुसता शोभेला होता. कुणाला कुठे पाठवायचं ते वैजयंतीबाई त्या एका उत्तरावरून ठरवायच्या.

आणि या बाई स्वतः नवऱ्याबरोबर कुठे गेल्या होत्या? लग्नानंतर सप्तशृंगी गडावर आणि तिथून कोल्हापूरला. बरोबर सासूबाई.

नवरा म्हणजे वेणीमाधव गुरुजी. रामकुंडावरचे तीर्थोपाध्याय. जळगाव-धुळ्याकडच्या चाळीसेक गावांचे यजमान त्यांच्याकडे वडिलोपार्जित होते. त्या गावांतला माणूस वारला की अस्थी घेऊन घरची माणसं यांच्याकडेच येणार. आता माणूस काही आधी तारीख कळवून जात नाही. शिवाय मे महिन्यात मुलांना सुट्ट्या, म्हणून राहिलेली श्राद्धं उरकायला कुटुंबंच्या कुटुंबं यायची. बायको उन्हाळ्यात जगाला फिरायला पाठवत असताना नवरा उन्हाळ्यात सकाळी सहापासून पाण्यात पाय सोडून बसलेला. आडगाव नाक्याकडच्या फ्लॅटमध्ये हे दोघं रात्रीच्या जेवणाला भेटायचे, तेव्हा एक दमलेला असायचा आणि दुसरी रुसलेली.

तीनदा बेत ठरला आणि तीनदा मोडला. म्हैसूरच्या वेळी तर बॅगा रिक्षात चढल्या होत्या. नाशकातल्याच द्वारका चौकात गुरुजींचा फोन वाजला, चोपड्याहून एक कुटुंब वडिलांच्या अस्थी घेऊन निघालं होतं. गुरुजी म्हणाले की त्या माणसांना परक्याच्या हाती द्यायचं बरं दिसत नाही, आणि रिक्षातून उतरून चालायला लागले. वैजयंतीबाई बॅगा घेऊन घरी आल्या आणि चार दिवस बोलल्या नाहीत. गुरुजींच्या ते तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. तेव्हा त्यांनी शब्द दिला, की साठ झाली की सगळं भाऊबंदांकडे सोपवतो, मग तू म्हणशील तिथे.

साठावं लागलं आणि त्याच वर्षी गुरुजी विसरायला लागले.

आधी एका यजमानाला मृताचं नाव तीनदा विचारलं. मग एकदा रामकुंडावरून घरी यायला निघाले ते भलत्याच दिशेला, पेठ नाक्यावर उभे सापडले. भाऊबंद भले, त्यांनी न दुखवता हळूहळू काम काढून घेतलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, आजाराचं लांबलचक नाव सांगितलं, आणि सांगितलं की चुकलं तरी त्यांना दुरुस्त करत बसू नका, ते घाबरतात. नवल असं की मंत्र एकही गेला नाही. सगळं श्राद्ध पहिल्यापासून शेवटपर्यंत तोंडपाठ. माणसं तेवढी आठवणीतून एकेक करून गळत गेली. भाऊ गेला, शेजारी गेले, हैदराबादला असलेला मुलगा विहंग फोनवर बोलायचा तेव्हा हे त्याला कोणत्या गावाहून बोलताय म्हणून विचारायचे.

वैजयंतीबाईंनी नोकरी सोडली. त्यांना गुरुजींनी कधी नावाने हाक मारली नव्हती. त्या घरात तशी पद्धतच नव्हती. हिने अहो म्हणायचं आणि त्यांनी अगं. अगं, पंचा कुठे आहे. अगं, दोन पानं वाढलीत, भात टाक. दिवसातून शंभर वेळा ऐकून या बाईंचं डोकं उठायचं. गेल्या दिवाळीत ते अगं थांबलं. एका सकाळी गुरुजी स्वयंपाकघराच्या दाराशी अदबीने उभे राहिले आणि म्हणाले, बाई, प्यायला पाणी मिळेल का. तेव्हापासून त्या घरात वैजयंतीबाई 'बाई' झाल्या आणि 'तुम्ही' झाल्या. भांडलेला नवरा परवडतो, पण हा मान त्यांना सोसवेना. पाणी देऊन त्या बाथरूममध्ये गेल्या आणि नळ सोडून रडल्या.

एप्रिलमध्ये त्या जुन्या ऑफिसात गेल्या. तिथे आता त्यांच्या खुर्चीवर आभा बसते. तिला हे काम यांनीच शिकवलेलं. आभाला वाटलं, काकू सहज आल्या असतील. काकूंनी समोरची, गिऱ्हाइकाची खुर्ची ओढली आणि म्हणाल्या की दोघांचं बुकिंग करायचं आहे, दोन दिवस, लांब नको, धरणाच्या काठी. डॉक्टरांनी अनोळखी गावी नेऊ नका म्हणून सांगितलं होतं, आणि सिंहस्थाच्या कामांसाठी अर्धं शहर खणून ठेवलं असलं तरी गंगापूर रोडने गाडी तासाभरात पोहोचत होती.

आभाने सवयीने तो कागद पुढे घेतला आणि मग तिची तीच ओशाळली. वैजयंतीबाई म्हणाल्या, भर गं. पहिला प्रश्न त्यांनीच खोडायला लावला. साहेबांना काय आवडतं, यावर त्यांनी बराच विचार केला आणि वरणभात एवढंच सांगितलं. एकतीस वर्षं एका घरात काढून नवऱ्याबद्दल आपल्याला एकच शब्द लिहून देता येतो, याची त्यांना लाज वाटली आणि रागही आला. शेवटचा प्रश्न, या सहलीकडून तुमची अपेक्षा काय, हा होता. आभाने तो वाचलाच नाही. वैजयंतीबाईंना तो पाठ होता.

"एकदा अगं म्हणावं त्यांनी," त्या म्हणाल्या. "एकदाच. मग नाही म्हटलं तरी चालेल."

आभाने पेन खाली ठेवलं.

विहंगने फोनवर विरोध केला. आता कशाला, बाबांना कळणार तरी आहे का, तुझी दगदग होईल, असं सगळं म्हणाला. मुलगा वाईट नाही, लांब आहे. वैजयंतीबाईंनी त्याला एवढंच विचारलं, मग कधी जाऊ.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी चारला गाडी बोलावून दोघं निघाले. बेत नेहमीच्या शिस्तीत लिहिलेला होता. पहिल्या संध्याकाळी पाण्याकाठी बसणं आणि बाहेर जेवण. दुसऱ्या दिवशी सकाळी होडी, दुपारी झाडाखाली डबा. दिवसाला दोन गोष्टी. वाटेतलं सोमेश्वर मागे पडेपर्यंत गुरुजींनी सहा वेळा विचारलं, घरी कधी पोहोचायचं. वैजयंतीबाईंनी सहाही वेळा सांगितलं, आत्ता पोहोचू. आपण कुणालाही फसवत नाही आहोत असं त्या स्वतःला बजावत होत्या.

आभाने मायेपोटी एक घोळ घालून ठेवला होता. हॉटेलवाल्यांना तिने फक्त जोडपं येतंय एवढंच सांगितलेलं. खोलीचं दार उघडलं तर पलंगभर गुलाबाच्या पाकळ्या, आणि टॉवेलांचे गळ्यात गळा घातलेले दोन हंस. वैजयंतीबाईंना हसू आलं. शेकडो जोडप्यांना त्यांनी स्वतः हेच करून दिलं होतं, पण त्या खोलीत पाय ठेवायची ही त्यांची पहिलीच वेळ होती. गुरुजींनी फुलं बघितली आणि त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी चहाच्या कपाची बशी घेतली, पलंगावर वाकून एकेक पाकळी वेचली, सुकलेल्या बाजूला काढल्या, आणि बशी भरल्यावर देव कुठे आहेत म्हणून विचारलं. वैजयंतीबाईंनी खिडकीकडे हात केला. त्यांनी बशी खिडकीत ठेवून नमस्कार केला.

रात्री हिरवळीवर टेबल मांडलं होतं. मधे मेणबत्ती. गुरुजींनी तिला हात जोडले आणि जेवताना धक्का लागेल म्हणून लांब सरकवून ठेवली. जेवण झाल्यावर त्यांनी, यजमानीणबाई, स्वयंपाक उत्तम होता, असं सांगितलं. वैजयंतीबाईंनी मान डोलावली. उद्याचा दिवस आहे, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

आणि सकाळी खरोखरच काहीतरी वेगळं घडलं. गुरुजी शांत झोपून उठले होते. पाण्याकडे नेल्यावर ते थबकले आणि बघत राहिले. मग कुणी न सांगता काठावर गेले, चूळ भरली, ओंजळीत पाणी घेतलं आणि संध्येला बसले. कुठे अडखळणं नाही, घरी कधी पोहोचायचं म्हणून विचारणं नाही. वैजयंतीबाईंनी होडीचा बेत तिथल्या तिथे सोडून दिला आणि मागे जांभळाच्या झाडाखाली बसून राहिल्या. त्यांना आशा वाटायला लागली. आशा किती वाईट हे त्यांना माहीत होतं, पण वाटायला लागल्यावर काय करणार. जन्मभर गुरुजी ज्या पाण्याशी बसले, तेच नदीचं पाणी इथे अडवलेलं. त्यांना पाणी आठवलं आहे तर माणूसही आठवेल, असा हिशोब त्यांनी मांडला.

दुपारी हॉटेलातून डबा आला. वरण, भात, लिंबाचं लोणचं. त्यांनी मुद्दाम तेवढंच सांगितलं होतं. सावलीत सतरंजी टाकून दोघं बसले. वारा गरम होता, पण पाण्यावरून येत होता. गुरुजींनी चार घास खाल्ले, हात धुतला, इकडे तिकडे बघितलं आणि सहज विचारावं तसं विचारलं,

"तुमचे मालक नाही आले बरोबर?"

वैजयंतीबाईंना इतके दिवस धरून ठेवलेलं धरवलं नाही. त्या डब्यावर हात ठेवून तशाच रडायला लागल्या. तोंडाला पदर लावला तरी आवाज राहीना.

गुरुजी बघत होते. चाळीस वर्षांत पाण्याकाठी भात घेऊन बसलेली, रडणारी बाई त्यांनी हजारदा बघितली होती, आणि ती कशासाठी आलेली असते हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. ते उठले. अंगातला सदरा काढून घडी घातली, हॉटेलचा टॉवेल खांद्यावर टाकला. जानवं उजव्या खांद्यावर घेतलं, पितरांच्या कामाला घेतात तसं, आणि पाण्याकडे तोंड करून मांडी घालून बसले. आवाज बदलला. तो आवाज वैजयंतीबाईंनी घरात कधी ऐकला नव्हता. तो यजमानांसाठीचा आवाज होता.

"रडू नका बाई. सगळं नीट करून देतो मी. पुढे या. कोणासाठी आलात?"

"अहो, मी..." वैजयंतीबाई म्हणाल्या, आणि पुढचं बोलल्या नाहीत. गुरुजींच्या कपाळावर घाबरल्याची आठी उमटायला लागली होती. दुरुस्त करायचं नव्हतं.

"मुलगा नाही आला?"

"लांब असतो."

"असू दे. तुम्ही हात लावा, मी म्हणतो. गोत्र?"

"वसिष्ठ."

"आणि गेलेल्यांचं नाव?"

वैजयंतीबाईंच्या कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, आणि समोर बसलेला माणूस स्वतःचंच नाव मेलेल्यांत घालायला मागत होता. असलं अभद्र तोंडून काढायचं नाही, हे त्यांच्या हाडीमासी रुजलेलं. नाही म्हणता आलं असतं. उठून खोलीत जाता आलं असतं. पण गुरुजी त्यांच्याकडे बघत होते. भिंतीकडे नाही, दाराकडे नाही, त्यांच्या डोळ्यांत. एकतीस वर्षांत या माणसाने सगळं बाजूला ठेवून आपल्यासाठी कधी वेळ काढला नव्हता, आणि आता तो वेळच वेळ घेऊन बसला होता. नाव सांगितलं नाही तर हेही विझून जाणार होतं.

"वेणीमाधव," त्या म्हणाल्या.

गुरुजींनी ते नाव दोनदा पुटपुटून पक्कं केलं. चेहऱ्यावर काही हललं नाही.

"किती दिवस झाले?"

"तीन वर्षं."

"तीन वर्षांनीही एवढं रडता, म्हणजे माणूस चांगला असणार."

"चांगले होते," वैजयंतीबाई म्हणाल्या. मग त्यांना राहवलं नाही. "माझ्यासाठी वेळ नव्हता त्यांच्याकडे. कधीच नव्हता."

गुरुजींनी मान हलवली. डब्यातला भात हातात घेऊन त्यांनी पिंड वळायला घेतला, हलक्या हाताने, कण सांडू न देता. वळता वळता ते समजुतीने बोलत होते, की असतात अशी माणसं, त्यांना वाटतं बायको काय, घरीच आहे. त्यांचं वाईट मानायचं नाही. तो पिंड त्यांनी जांभळाच्या पानावर ठेवला आणि वैजयंतीबाईंची ओंजळ पुढे ओढून तिच्यात पाणी घातलं. त्यांचा हात ओंजळीखाली तसाच राहिला. त्या हाताचा स्पर्श बाईंच्या ओळखीचा होता, आणि त्या हाताला बाई ओळखीच्या नव्हत्या.

"पाणी सोडताना मनातला रागही सोडा, बाई. नाहीतर ते अडकून राहतात. सोडला?"

"सोडला."

त्यांनी मंत्र म्हटले. वसिष्ठ गोत्रातल्या वेणीमाधवाला त्यांनी नीट, सावकाश, एकही अक्षर न गाळता निरोप दिला. पैशासाठी घाईने उरकणाऱ्यांतले ते कधीच नव्हते. वैजयंतीबाईंनी तीनदा पाणी सोडलं. आपण नवऱ्याच्या मांडीला मांडी लावून पाण्याकाठी बसलो आहोत, दुपार टळत आली आहे आणि कुणालाही कुठे जायची घाई नाही, हे त्यांच्या मनात आलं. लोकांना त्या हेच विकत आल्या होत्या. त्यांना ओरडावंसं वाटलं.

पिंड पाण्यात सोडून झाल्यावर गुरुजींनी हात जोडले.

"झालं. ते सुटले आता. तुम्ही जा. मागे वळून बघायचं नाही."

वैजयंतीबाई बसून राहिल्या. जायचं कुठे? पण गुरुजी वाट बघत होते. बाई उठत नाही म्हणून ते अस्वस्थ व्हायला लागले, टॉवेलाचं टोक हातात चुरगळायला लागले. शास्त्र मोडलेलं त्यांना चालायचं नाही. शेवटी वैजयंतीबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि चढावरून वर चालायला लागल्या. मागे पाणी आहे, पाण्यात उतरले तर, पाय घसरला तर, असं पावलागणिक मनात येत होतं. तरी त्यांनी वळून बघितलं नाही. हॉटेलच्या कुंपणापर्यंत गेल्या, लोखंडी दांड्याला धरून उभ्या राहिल्या. दांडा तापलेला होता. आतल्या हिरवळीवर कुणा दुसऱ्या जोडप्यासाठी टेबल मांडायला सुरुवात झाली होती.

मग त्या झपाझप खाली आल्या.

गुरुजी तिथेच होते. जानवं सरळ करून, ओले हात टॉवेलाला पुसून, पुन्हा मांडी घालून बसलेले. पावलं वाजली तशी त्यांनी मान वर केली. वैजयंतीबाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या, दम लागलेल्या, डोळे सुजलेले. गुरुजींनी त्यांच्याकडे प्रेमाने बघितलं आणि सरकून शेजारी जागा केली.

"या बाई, बसा," ते म्हणाले. "कोणासाठी आलात?"

डब्यात अजून भात उरला होता. वैजयंतीबाईंनी तो जवळ ओढला, खाली बसल्या, आणि गोत्र सांगितलं.